पेरणी आणि फी एकाच महिन्यात: खेड्यातून परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी पैशाचा हिशोब

गेल्या जूनमध्ये मृग लागून दोनच दिवस झाले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या कृषी केंद्रावर सोयाबीनच्या बॅगा घ्यायला आलेले एक कास्तकार मला बघून थांबले. पोरीला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालेला. आनंद होता, पण चेहऱ्यावर काळजीच जास्त. "सर, तिथं फी नाई म्हणते. मंग हे बारा लाख कायले मागून रायले?"

हा प्रश्न मी गेल्या तीन वर्षांत बऱ्याच जणांकडून ऐकला. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. २०२२ मध्ये माझी पुतणी मास्टर्सला जर्मनीतल्या माग्देबुर्गला गेली, तेव्हा घरातला हिशोबाचा माणूस म्हणून वही माझ्याकडे आली. तेव्हापासून आसपासच्या गावातले आईबाप ओसरीवर येऊन बसतात. त्यांच्यासाठी जे दरवेळी तोंडी सांगतो, ते इथे लिहून काढतो.

आधी त्या बारा लाखांचं उत्तर. ते पैसे फीचे नाहीत. पोरगी वर्षभर स्वतःच्या पैशानं जगू शकते याचा पुरावा म्हणून जर्मनी तिच्याच नावानं एक बंद खातं उघडायला लावते. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. त्यात सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तिलाच परत मिळतात. पुतणीच्या वेळी हीच रक्कम १०,३३२ युरो होती. म्हणजे पैसा बुडत नाही, पण व्हिसाच्या आधी एकरकमी उभा करावा लागतो.

म्हणून माझ्या वहीत तीन रकाने असतात: जाणारा पैसा, दाखवायचा पैसा आणि अडकणारा पैसा. फी, परीक्षा, व्हिसा, तिकीट हा जाणारा. ब्लॉक्ड अकाउंट किंवा बँकेतली शिल्लक हा दाखवायचा. खोलीचं डिपॉझिट, पैसा परदेशी पाठवताना बँकेनं आगाऊ कापलेला कर म्हणजे टीसीएस, हा अडकणारा, तो परत येतो पण त्याच्या सवडीनं. बहुतेक घरांत या तिघांची एकच बेरीज होते, ती चाळीस लाखांवर जाते आणि बाप गप्प होतो. नाहीतर फक्त फी मोजली जाते आणि जूनमध्ये तोंडचं पाणी पळतं.

महिने बघा, मग रक्कम

आपल्या घरात पैसा कधी येतो? सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये. जूनमध्ये घर रिकामं असतं. उलट बियाणं, खत, मजुरी यात हात अडकलेला असतो आणि पीककर्जाच्या मागे फिरणं चालू असतं.

परदेशी सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. प्रवेशाचं पत्र एप्रिल ते जुलैमध्ये येतं. डिपॉझिट, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, तिकीट हे सगळं मे ते ऑगस्टमध्ये येऊन आदळतं, म्हणजे ऐन पेरणी-डवरणीत. याच दोन-तीन महिन्यांत माणूस हातउसने घेतो, सावकाराकडे जातो, धुऱ्याला लागून असलेलं वावर पडत्या भावात विकतो. पैसा नव्हता असं नसतं. मार्चमध्ये होता, तो ट्रॅक्टरच्या हप्त्यात किंवा लग्नात गेला.

तेव्हा पहिलं काम एकच. ज्या वर्षी जायचं, त्याच्या आदल्या दिवाळीपासून कापूस-तुरीच्या चुकाऱ्यातला एक भाग राष्ट्रीयीकृत बँकेत, आईच्या किंवा वडिलांच्या नावानं एफडी करून ठेवा. पतसंस्थेत ठेवू नका. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात नाही. तिचं सर्टिफिकेट व्हिसाच्या फाइलमध्ये लावाल तर प्रश्न उभे राहतात. ब्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून तिथे ठेवलेली ठेव ऐनवेळी मोडून आणावी लागलेली मी पाहिली आहे.

दीड वर्ष आधी: कागद

पासपोर्ट आधी काढा. १,५०० रुपयांचं काम आहे. पण त्याआधी नाव तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं, आधारवर मागे, वडिलांचं नाव कुठे "राव" लावून तर कुठे बिनराव. पासपोर्ट, पदवी, बँक, आधार या चारही ठिकाणी स्पेलिंग एकसारखं करून घ्या. पुढे प्रत्येक अर्जात हे आडवं येतं.

अमरावती विद्यापीठाची मुलं असतील तर ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला उतारा) अमरावतीला, नागपूर-वर्धा-भंडारा-गोंदियाची नागपूरला आणि चंद्रपूर-गडचिरोलीची गोंडवाना विद्यापीठात. हे काम परीक्षेच्या हंगामात काढू नका, खिडकीवर कोणी भेटत नाही. जर्मनीसाठी एपीएस हे पदवीचे कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. फी १८,००० रुपये आणि हातात यायला वेळ लागतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे साधारण १७-१८ हजार.

आता दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही.

एक, आयकर विवरणपत्र. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्याकडे बहुतेक बाप रिटर्न भरत नाहीत. बँक मात्र शैक्षणिक कर्जाला सहकर्जदाराचे दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. शेती उत्पन्न रिटर्नमध्ये करमुक्त म्हणून दाखवता येतं, कर लागत नाही, पण कागद तयार होतो. मुलगी बारावीत असतानाच सुरू करा.

यातच एक खड्डा आहे. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला साठ-सत्तर हजारांचा काढलेला असतो आणि व्हिसाच्या फाइलमध्ये वार्षिक आठ लाखांचं उत्पन्न दाखवलेलं असतं. दोन्ही कागदांवर नाव एकच. हा खेळ करू नका. खरं आहे ते दोन्हीकडे लावा. कमी उत्पन्न असेल तर पैसा कर्जातून किंवा शिष्यवृत्तीतून येतोय असं सांगता येतं, त्यात काही लाज नाही.

दोन, सिबिल, म्हणजे कर्ज वेळेवर फेडलं की नाही याची नोंद. कर्जमाफी येणार म्हणून पीककर्ज थकवून ठेवायची आपल्याकडची रीत. पन्नास-साठ हजारांचं पीककर्ज थकीत दिसलं की वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज अडतं. तडजोड करून बंद केलेलं खातंही अहवालात "सेटल्ड" म्हणून दिसतं. ज्याला सहकर्जदार करायचं, त्याचं पीककर्ज नवं-जुनं करून नियमित ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं कर्ज वडिलांच्या थकबाकीवर अडलं. शेवटी मामा सहकर्जदार झाला, पण त्या फेऱ्यात एक सत्र गेलं.

कुठल्या देशाचा काय हिशोब

पुढचे आकडे २०२५ च्या अखेरचे. युरो १०५, पौंड १२० आणि डॉलर ९० रुपये धरलाय. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव लावून घ्या.

जर्मनीवर जास्त लिहितो, कारण आपल्या परिस्थितीला तोच देश जमतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त सत्राचं शुल्क, साधारण १०० ते ३५० युरो, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो. पण "जर्मनी फुकट" हे सरसकट खरं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लागतात. स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग ही त्याच राज्यातली गावं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रागणिक ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. खाजगी विद्यापीठं तर भारतात जाहिराती करून मुलं गोळा करतात, त्यांची फी वर्षाला दहा-पंधरा हजार युरो सहज होते. प्रवेशपत्रावर कोणाचं नाव आहे ते बघा, नुसतं "जर्मनी" बघून पेढे वाटू नका. आणि बारावीनंतर थेट पदवीला जायचं म्हणाल तर आपली बारावी तिथे सहसा पुरत नाही. इथे पदवी करून मास्टर्सला जाणं हा सरळ रस्ता.

पहिल्या वर्षाची बेरीज अशी येते. आयईएलटीएस आणि एपीएस मिळून ३६ हजार. ट्रान्स्क्रिप्ट, कुरिअर पाच हजार. युनि-असिस्ट या जर्मन विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेतून पाच अर्ज केले तर पहिल्याचे ७५ आणि पुढच्या चारांचे प्रत्येकी ३०, म्हणजे १९५ युरो, वीस हजार रुपये. व्हिसा ७५ युरो, आठ हजार. पासपोर्ट दीड हजार. व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या, बापलेकीचं जाणंयेणं धरून दहा हजार, विदर्भ एक्स्प्रेसच्या स्लीपरनं गेलात तर त्याहून कमी. इथपर्यंत ऐंशी हजार झाले आणि हे सगळे दिवाळी ते मे या काळात थोडे थोडे जातात, त्याचा त्रास होत नाही. मग ब्लॉक्ड अकाउंटचे साडेबारा लाख, तिकिटाचे पन्नास-साठ हजार आणि सोबत न्यायचे दीड हजार युरो, म्हणजे एक लाख सत्तावन्न हजार. एकूण साडेपंधरा लाखांच्या आसपास.

साडेबारा लाख म्हणजे किती, हे समजायला मी सोयाबीनची भाषा वापरतो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो पूर्ण मिळाला असं धरलं, जे होत नाही, तरी २३५ क्विंटल. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरा, एकोणचाळीस एकरांचं पूर्ण पीक, खर्च वजा न करता. हे ऐकल्यावर कोणीही शेतीच्या भरवशावर दोन वर्षांचं गणित मांडत नाही आणि मांडूही नये.

ब्रिटन. मास्टर्स एक वर्षाचं, म्हणून स्वस्त वाटतं. फी साधारण १८ ते ३० हजार पौंड. नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चासाठी लंडनबाहेर महिन्याला १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. लंडनबाहेर ते १०,५३९ पौंड होतात. व्हिसा फी ५२४ पौंड आणि त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. एक वर्षाच्या मास्टर्सच्या व्हिसाला तो दीड वर्षाचा पकडतात, म्हणजे १,१६४. टीबीची तपासणी ठरलेल्या केंद्रातच करावी लागते. २० हजार पौंड फी धरली तर सगळं मिळून चाळीस लाखांच्या घरात.

ब्रिटनचा अठ्ठावीस दिवसांचा नियम नीट समजून घ्या. दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी शंभर रुपयांनी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अडत्याकडून आठ दिवसांसाठी आणून खात्यात टाकलेला पैसा इथे चालत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र चालतं, सावकाराची चिठ्ठी नाही.

कॅनडानं दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली, फी आणि प्रवास वेगळा. ऑस्ट्रेलियात २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात आणि तिथली विद्यार्थी व्हिसाची फीच जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, नाकारला तरी ती परत नाही. अमेरिकेत विद्यापीठ आय-२० हा जो प्रवेशाचा कागद देतं त्यावरच एका वर्षाचा खर्च छापलेला असतो, तो पाहा. सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर हे त्यावरचे. दोन वर्षांचं अमेरिकन मास्टर्स पंचेचाळीस लाखांच्या खाली बसवायला शिष्यवृत्ती किंवा विद्यापीठातलं काम लागतंच.

एमबीबीएसचं विचारणारे दर हंगामात येतात. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान. वेगळा लेख होईल, इथे एवढंच. "नीट" या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पात्र असणं सक्तीचं. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि वरून तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा पास व्हावी लागते. पैशाचं म्हणाल तर सहा वर्षं डॉलरमध्ये फी भरायची आहे. २०२१ मध्ये डॉलर चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर रुपयांना होता, २०२५ च्या डिसेंबरात नव्वद ओलांडला. एजंट "एकूण पंचवीस लाख" सांगतो ते आजच्या भावानं. सहा वर्षांच्या हिशोबाला दरवर्षी चार-पाच टक्के चढ धरूनच बसा.

महिन्याला खरंच किती लागतं

दाखवायचे ९९२ युरो म्हणजे खर्च ९९२ युरो असं नाही. पूर्व जर्मनीतल्या माग्देबुर्ग, केमनित्झ, इल्मेनाऊसारख्या गावांत विद्यार्थी वसतिगृहात २५० ते ३५० युरोत खोली मिळते. म्युनिकमध्ये नुसत्या खोलीचे सातशे जातात. विद्यापीठ निवडताना नावाइतकंच गाव बघा, हे मी पोटतिडकीनं सांगतो.

लहान गावाचा महिना असा: खोली २८०, आरोग्य विमा १४५ च्या जवळ, घरी रांधून जेवण १८०, फोन १०, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क घराला १८.३६, चार जणांत वाटलं तर साडेचार. कपडे, वह्या, केस कापणं, कधी प्रवास, ७० धरा. सातशेच्या आत बसतं. उरलेले तीनशे पुढच्या सत्राला किंवा कर्जाच्या व्याजाला. पुतणी पहिल्या हिवाळ्यात एका जाड कोटाला दीडशे युरो देऊन बसली, नंतर कळलं की जुन्या कपड्यांच्या दुकानात तीसमध्ये मिळतो.

कामाचं सांगायचं तर विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान मजुरी २०२६ च्या जानेवारीपासून तासाला १३.९० युरो. मिनीजॉब म्हणजे छोट्या अर्धवेळ कामाच्या कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ युरो, म्हणजे जेमतेम त्रेचाळीस तास. चांगलं वाटतं, पण पहिले सहा महिने कमाई शून्य धरा. भाषा येत नाही, गोदामातलं काम रात्रीचं असतं आणि नापास झालं तर एक सत्र वाढतं. "तिथं गेल्यावर कमवून फेडीन" या वाक्यावर घर गहाण टाकू नका.

कर्ज: सातबारा का चालत नाही

साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यावर मागतात. आणि इथे कास्तकाराला सगळ्यात मोठा धक्का बसतो. "बारा एकर हाय आपलं, कायले चालत नाई?" कारण कर्ज बुडालं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं तारण विकते, तो २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँकेला एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर, एफडी किंवा एलआयसी पॉलिसी हवी असते. वर्ग दोनची, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणारी, जमीन असेल तर विषयच संपला.

गावठाणातलं घर ठेवता येतं का? ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत मालमत्ता पत्रक मिळतं, ते आधी काढून घ्या. त्यानं बँकेशी निदान बोलणं सुरू होतं. तरी खेड्यातल्या घराचं व्हॅल्युएशन हातात येतं तेव्हा मन खट्टू होतं, बांधायला अठरा लाख लागलेलं घर सहाचं ठरतं. तालुक्याला एखाद्या काकाचा एनए प्लॉट असेल तर त्याच्याशी दिवाळीतच बोला. मे महिन्यात बोललात तर तोही विचारात पडतो आणि काकूही.

चार लाखांच्या वरच्या परदेशी कर्जाला बँक साधारण १५ टक्के वाटा तुमचा मागते. यासाठीच ती दिवाळीपासूनची एफडी. तारणाच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क मिळून वीस-तीस हजार हातात ठेवा. तारण न घेता देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत, पण त्यांचा दर दोन-तीन टक्क्यांनी जास्त असतो आणि शिकतानाच व्याज भरायला लावतात. सरकारी बँकेच्या गावातल्या शाखेत साहेब "आमच्याकडे परदेशाचं होत नाही" म्हणाले तर वाद घालू नका, यवतमाळ-अमरावतीच्या मोठ्या शाखेत किंवा कर्ज केंद्रात जा. माझे तीन आठवडे असेच गेले होते.

१५ लाख, १० टक्के, दहा वर्षं: हप्ता १९,८२३ रुपये. पण हप्ता सुरू होतो शिक्षण संपून सहा महिने ते वर्षानं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. तीन वर्षं काहीच भरलं नाही तर १५ चे साडेएकोणीस लाख होतात आणि हप्ता पंचवीस हजारांवर जातो. म्हणून महिन्याला पाच-सात हजार जरी व्याजापोटी भरता आले तरी भरा. काही सरकारी बँका मुलींना अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्या. जुन्या करप्रणालीत राहिलात तर आयकरात आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते.

शिष्यवृत्ती: आधी जात वैधता

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. पदव्युत्तरला वयाची अट ३५, पीएचडीला ४०. शिकवणी फी, प्रवास, विमा आणि राहण्यासाठी अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वर असावं लागतं, म्हणून अर्ज करतानाच दोन विद्यापीठं त्या यादीतली ठेवा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी, १२५ जागांची. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, मराठा आणि खुल्या गटासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, अटी दरवर्षी थोड्या बदलतात, जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अल्पसंख्याकांच्या कर्जव्याजाची "पढो परदेस" योजना मात्र २०२२ मध्ये बंद झाली, अजून कोणी तिचं आमिष दाखवत असेल तर उठून या.

कागदांत जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं. ते जातीचा दाखला नव्हे, तो दाखला समितीनं तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र. साठ ते पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे शाळेचे, महसुलाचे पुरावे शोधावे लागतात, आजोबांचा दाखलखारीजचा उतारा गावच्या शाळेत पडलेला असतो.

शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. सरकारी पैसा हातात पडायला उशीर होतो आणि घरमालक थांबत नाही. तीन महिन्यांचा खर्च स्वतःचा ठेवा. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देते. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती तिथला सगळा खर्च उचलते, पण पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते. इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीत महिन्याला १,४०० युरो मिळतात, त्यात लहान गावात राजासारखं राहता येतं. लोणार तालुक्यातून चेव्हनिंगवर लंडनला जाऊन आलेल्या राजू केंद्रे यांनी यवतमाळमधून सुरू केलेली एकलव्य ही संस्था ग्रामीण मुलांना अशा अर्जांसाठी मदत करते. एजंटकडे जायच्या आधी अशा ठिकाणी विचारा. एका एजंटनं आमच्या शेजारच्या गावातल्या घराकडून चाळीस हजार घेतले आणि मुलाचा अर्ज खाजगी कॉलेजात टाकला, कारण कमिशन तिथेच मिळतं.

पैसा पाठवताना

मोबाइलवर दिसणारा युरोचा भाव आणि बँक लावते तो भाव यात रुपया-दोन रुपयांचा फरक असतो. बारा हजार युरोवर तो बारा-चोवीस हजार होतो. तीन ठिकाणी विचारा, एकाच दिवशी, एकाच तासात. फी पाठवताना "सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे" हा पर्याय निवडा, नाहीतर मधली बँक वीस-पंचवीस युरो कापते आणि विद्यापीठ "फी अपुरी" म्हणून पत्र पाठवतं.

स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर दहा लाखांच्या वर परदेशी पाठवले तर वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. आईच्या आणि वडिलांच्या अशा दोन पॅनवरून, आपापल्या पैशातून पाठवलं तर दहा लाखांची रेषा ओलांडावी लागत नाही. तरी कापला गेलाच तर रिटर्न भरून परत घ्या, शेतकरी असलात तरी.

रोख परकी चलन ३,००० डॉलरच्या वर नेता येत नाही. तीन-चारशे युरो नोटा आणि बाकी फॉरेक्स कार्डावर (परकी चलन भरलेलं बँकेचं कार्ड), एवढं पुरे.

पहिले चाळीस दिवस

ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता तिथे उतरल्याबरोबर मिळत नाही. राहत्या पत्त्याची नोंदणी, तिथलं बँक खातं, मग पैसे. यात दोन ते पाच आठवडे जातात. आणि त्याच काळात खोलीचं डिपॉझिट द्यावं लागतं, जे कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. ते दीड हजार युरो यासाठी. पुतणी आठशे घेऊन गेली होती. अठराव्या दिवशी तिचा फोन आला, "काका, खात्यात बासष्ट युरो उरले." इथून कार्डावर भरायला मला दारव्ह्याहून यवतमाळ गाठावं लागलं, आणि नेमका त्या दिवशी दुसरा शनिवार.

सामानात प्रेशर कुकर, तुरीची डाळ, तिखट, सांडगे न्या. आजीनं कढवलेलं तूप आणि खवा मात्र ठेवून द्या, युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पुतणीचं दोन किलो तूप मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याला मिळालं.

मृगातल्या त्या कास्तकाराचं काय झालं ते राहिलं. त्यांनी पोरीचा प्रवेश पुढच्या हिवाळी सत्रावर ढकलता येतो का, हे विद्यापीठाला विचारलं. नव्यानं अर्ज करा असं उत्तर आलं. तिनं केला. दिवाळीत तुरीच्या वावराशेजारी उभं राहून त्यांनी मला मालमत्ता पत्रक दाखवलं आणि थकीत पीककर्ज भरल्याची पावती. एफडीचं फेब्रुवारीत, कापूस विकल्यावर.